महिनाभराचं इंजेक्शन

—नाही, मी उभाच बरा आहे. खुर्ची तुमची तुम्हालाच लखलाभ. आणि ते 'रिलॅक्स' आधी बंद करा सिस्टर, मघापासून तीनदा झालं. रिलॅक्स असलेल्या माणसाला बोलावता का तुम्ही इथं? फॉर्म? वाचला की. बायपोलर आहे मी, अंगठेबहाद्दर नाही. 'मी स्वखुशीने हे इंजेक्शन घेत आहे' — स्वखुशीने! कुणी घातला हा शब्द? त्याला आणा एकदा समोर. डॉक्टरांचंही तेच — बळजबरी नाही हं, तुम्ही नाही म्हणू शकता. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? टेबलापलीकडून गोड बोलायचं आणि टोचायला तुम्हाला पुढं करायचं.

गोळी होती तेव्हा कसं होतं, रोज सकाळी ती माझ्या तळहातावर असायची. घ्यायची की नाही — मालक मी. तुमचं हे एकदा आत गेलं की महिनाभर आतच. उद्या वाटलं नको, तर? काढता येतं बाहेर? — मान हलवताय. तेवढं तरी खरं बोललात. आणि वर अजून दोन आठवडे गोळ्या चालूच! हेच औषध आधी गोळीतून दिलं, म्हणे सोसतंय का बघू. सोसलं. माणसाला काय, सगळंच सोसतं. ती बाहेर बसलीय ना, जांभळी पर्स मांडीवर घट्ट धरून, ती आमची बायको. रोज सकाळी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी — "आ करा." बावीस वर्षं संसार केला आणि बाई मला आ करायला लावते! "आता जीभ वर करा." घोड्याचे दात बघतात तसं. तिला काय वाटतं, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये जागा नसते? — हसू नका. आणि लिहूनही घेऊ नका.

ड्रायव्हर आहे मी. होतो. अठरा वर्षं बस चालवली, साधा ओरखडा नाही. आता त्याच डेपोत बस धुतो — पाइप आणि लांब दांड्याचा ब्रश. का, ते विचारू नका, तुमच्या फायलीत आहे. काय लिहिलंय? 'प्रवाशांसह ठरलेला मार्ग सोडून गाडी नेली.' संपलं, एका ओळीत आटोपलं! त्यात हे आहे का, की त्या दुपारी मला एकही सिग्नल लाल दिसला नाही? चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि थकवा म्हणाल तर नावाला नाही — स्टॉप येत होते, जात होते, मी थांबतच नव्हतो. घंटी वाजत होती, मला वाटलं लोक खुशीनं वाजवतायत. चाळीस माणसं मागं, शहर संपलं, कारखाने संपले, समोर सरळ रस्ता — आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार होती ती माझी, कळलं? ती कुठल्या सिरिंजमध्ये भरून देणार तुम्ही? ...हो, ती बाई होती. ठाऊक आहे मला. हॉस्पिटलच्या स्टॉपला उतरायचं होतं तिला, हातात डबा होता, काचेवर तळहात आपटत होती. नवरा होता तिचा तिथं. ती परत पोचेपर्यंत — जाऊ द्या. चौकशीत माझ्यासमोर बसली होती. माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. काढायला हवा होता. चांगल्या शिव्या घालायला हव्या होत्या. काय हक्क होता तिला गप्प बसायचा?

आणि हे इंजेक्शनचं खूळ — सगळं त्या जांभळ्या पर्सवालीनं डॉक्टरांच्या कानाला लागून — काय? काय लिहिलंय? 'रुग्णाने स्वतः मागणी केली.' द्या इकडे तो कागद. हे लिहायचं काय अडलं होतं? तिला वाटतं डॉक्टरांनीच सुचवलं. वाटू द्या. बरं, मागितलं मी. मग? महिन्यापूर्वी एका सकाळी गाडी धूत होतो. सहा दिवस गोळी बेसिनमध्ये थुंकलेली, अंग पिसासारखं हलकं व्हायला लागलेलं — आणि किल्ली गाडीला तशीच. सीटवर बसलो. नुसता बसलो. मग फिरवली किल्ली. सिस्टर, तो आवाज पायांतून वर येतो, तुम्हाला नाही कळायचं. गिअर टाकला. आणि खालून पत्रा वाजायला लागला — ठण्, ठण्, ठण्ठण्ठण्. खाली मेकॅनिक होता, पाना आपटत होता. लंबू म्हणतात त्याला, गाडीखाली सरकला की गुडघ्यापासून पाय बाहेर. ते पाय मी पाहिले होते, धुताना! भिजू नयेत म्हणून पाइप आवरता घेतला होता. आणि वर चढलो तर — विसरलो नाही हो, विसरणं वेगळं. नव्हतेच ते. जगात ते पायच नव्हते. बाहेर आला, सणसणीत शिवी हासडली, मग हसला. म्हणाला, गाडी हलवायला सांगितलं कुणी तुला? कुणाला काही बोलला नाही. दोन पोरी आहेत त्याला. मी पाइप तसाच वाहता टाकला आणि चालत इथं आलो, गमबूट घालून. डॉक्टरांना म्हटलं, असं काहीतरी द्या जे मला थुंकता येणार नाही.

...हे कशाला सांगितलं मी तुम्हाला? तुम्ही विचारलं काय होतं — दंडात की कमरेत, एवढंच ना? फायलीत यातलं अक्षर जायला नको. त्याच्या घरी कळेल, माझ्या घरी कळेल. आणा ते पेन. ही घ्या सही. कमरेत द्या. तोंड तिकडं करतो मी. आणि बोलू नका आता, एक शब्द नको.

झालं? — हो, अर्धा तास थांबायचंय, ऐकू आलं. चोळायचं नाही, तेही ऐकलं. जा तुम्ही. नाही, तिला एवढ्यात आत पाठवू नका. विचारेल, एवढा वेळ काय बडबडत होता. सांगा, सुईला घाबरत होता. जा म्हटलं ना. दार लावून घ्या.