चाकाचा दिवा

हल्लीची गाडी काय हवं-नको ते स्वतःच सांगते, त्यामुळे माणसाच्या गोंधळाला जागाच उरलेली नाही. थंडीतल्या सकाळी मोहोळच्या पंपावर मी पेट्रोलच्या रांगेत होतो. शेजारी कडेला लावलेल्या नव्या गाडीत नवरा-बायको बोलत होते.

“अहो, त्यो पिवळा दिवा परत लागला की!”

“रोज सकाळी लागतोय. शोरूमवाला म्हणला, चाकाचा दिवा हाय. म्हणून तर चाकाखाली लिंबू ठिवून गाडी काढतो. मग दिवा जातोय.”

“आज ठिवलं न्हाय?”

“ठिवलं की! तरी हायेच.”

“लेकीचा साखरपुडा हाय जेऊरला. असला दिवा घिऊन व्याह्याच्या दारात जायचं?”

“दुपारी कसा लागत न्हाय गं? उन्हाला भितोय व्हय?”

“लिंबू कुठलं ठिवलंत?”

“फ्रिजमधलं.”

“तरीच! गार लिंबाला कसला गुण? ताजं आणा जावा.”

नवरा उतरून गेला. लिंबू मिळेपर्यंत ऊन बोनेटवर आलं. ताजं लिंबू चिरडून गाडी पुढे झाली.

“गेला की दिवा!”

“मी काय म्हणलं?”

गाडी जेऊरकडे लागली. ती उभी होती तिथे भिंतीवर पाटी होती : हवा मोफत.