मागे गेलं की शिट्टी

हॅलो?… हॅलो, ताई! चालू झाला!… अगं प्लेअर! बाबांचा जुना गाण्यांचा प्लेअर, दुसरं काय?… हो, हो… अगं ऐक ना! आधी ऐक, मग ओरड. जोरात बोल, फोन चार्जिंगला लावूनच बोलतेय. याची बॅटरी नुसती शोभेला आहे.

नाही, गाणी नाही उडाली. एकही नाही… आधी सगळी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. एवढी काही मी बावळट नाही… बरं, आहे. पण आज नाही!

केलं म्हणजे… कंपनीनं आत जे घातलेलं असतं ना, फर्मवेअर, ते बाजूला सारून हौशी लोकांनी लिहिलेलं दुसरं घातलं. फुकट मिळतं… तेच ते, तू ‘नसते उद्योग’ म्हणाली होतीस ते! मधेच स्क्रीन काळी ठिक्कर पडली. म्हटलं, गेला! बाबांचा लाडका प्लेअर आपल्या हातानं मारला… आणि एकदम उजळली! खुर्चीवर उभी राहून नाचले.

अगं, खरी गंमत पुढेच आहे. तो बोलतो!… मेनू वाचून दाखवतो. स्क्रीन दिसायची गरजच नाही… मग? उगाच केला का हा खटाटोप? नजर गेल्यापासून बाबांनी त्याला हात तरी लावला होता का? ‘काय लागेल देव जाणे’ म्हणून टाकला कपाटात.

तू बाबांना दिलेला नवा फोन?… तोही त्याच कपाटात आहे. अगं, रागावू नकोस! त्या गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागतच नाही म्हणतात. याची बटणं अंगठ्याला पाठ आहेत.

आवाज कुणाचा? ओळख!… नाही, काल कॉम्प्युटरमधल्या बाईचा ऐकवला होता. बाबा म्हणाले, ‘ही कोण बया? घालव तिला.’ मग आईलाच बसवलं रेकॉर्डिंगला… हो, आपल्या आईला! थांब, फोन जवळ धरते… ऐकलंस? ‘आवाज वाढवा, पण बेतानं.’ ते ‘बेतानं’ तिच्या पदरचं! आणि हे, ‘बॅटरी संपत आली. लक्ष कुठे असतं हो तुमचं?’

हसतेस काय, पुढे ऐक! रेकॉर्डिंग केलं स्वयंपाकघरात. ‘मागे’ म्हणताना कुकरची शिट्टी झाली, तीही आत शिरली. आता मागे गेलं की शिट्टी, आणि आई धावते गॅस बंद करायला. गॅसवर कुकरच नाहीये!

श्श… बाबांच्या हातात दिला… अंगठा फिरतोय… ‘पुढे’… ‘पुढे’… चेहऱ्यावर काहीच नाही गं. ताई, मला रडू येणार आता… मागे गेले. शिट्टी! आई धावली!… ताई! बाबा हसले!… अगं हो, खरंच, खुदकन! पुन्हा मागे! मुद्दाम! मुद्दाम करताहेत! आई डाव घेऊन दारात उभी, ‘अहो, वय काय तुमचं!’…

ऐकतेयस ना? गाणं लागलं. त्यांनीच शोधलं, मी बोटही लावलं नाही… तेच गं! आपल्याला शाळेसाठी उठवायला लावायचे ते… रडतेस कशाला, वेडे! मीही रडतेय.

थांब, काहीतरी म्हणताहेत… काय, बाबा?… ताई, चार्जर मागताहेत. उद्या उठल्या उठल्या ऐकायचंय म्हणे… ‘उद्या’ म्हणाले गं! किती महिन्यांनी!… हो बाबा, देते, देते!… अगं, पलंगाशी एकच प्लग आहे, त्यात माझा फोन… नाही, नंतर नाही, आधी बाबांचा! काढते हं. रविवारी ये तू, बाबाच लावून दाखवतील तु…