माधुरीचा गोवा आणि मी

शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे, सांभाळून घ्या.

माझ्या चुलत बहिणीचं, माधुरीचं लग्न ठरलं. लग्नाआधी मैत्रिणींना तिला चार दिवस गोव्याला न्यायचं होतं, पण काकू ऐकेनात. माधुरी मला म्हणाली, "दादा, तू सरळ माणूस, तुझं आई ऐकेल. कोल्हापूरच्या देवीला नेतो म्हण, पुढचं आम्ही बघतो."

मी दिवसभर तेच घोकलं. संध्याकाळी काकूंसमोर उभा राहिलो.

"काकू, पोरींना देवीला नेतो. चार दिवस लागतील."

"कोणत्या देवीला रे?"

काकूंनी डोळ्यांत बघितलं आणि मला फक्त आपलीच देवी आठवली. "इच्छादेवीला."

"इच्छापूरला? अर्ध्या तासाच्या रस्त्याला चार दिवस?"

"पायऱ्या खूप आहेत ना, काकू."

दाराआडून माधुरीची मैत्रीण कळवळली, "भैया, पूरा सत्यानाश!"

काकू मात्र खूश झाल्या. "मग मी पण येते. ओटी भरायचीच होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. देवळासमोर गोव्यासाठी घेतलेल्या मोठ्या टोप्या घातलेल्या पोरींचा काकूंसोबत फोटो काढला. हसल्या फक्त काकू.