अंगणातली पाटी

...आणि पुन्हा तेच, ‘कोच, लांब फेका की!’ अहो, फेकणार कोण लांब? तुम्हाला सांगतो, आमच्या टेक्सासमधल्या गावात शाळेची टीम शुक्रवारी फुटबॉलची, म्हणजे आमच्या अमेरिकन, हातानं फेकायच्या फुटबॉलची मॅच हरली की शनिवारी सकाळी कोचच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशी पाटी रोवलेली असते. कोण रोवतं? अख्खं गाव. आणि कोच कोण? मी, लायल हॅचर.

माझा गुन्हा काय? आधीचा क्वार्टरबॅक, म्हणजे आमचा चेंडू फेकणारा, डाल्टन व्हॉस. दंडात असा जोर की मी त्याला लांबच फेकायला लावलं, गाव खूश. गेल्या साली आला ऑरिन प्रुइट. जोर बेताचा, पण नजर... पाच गडी पळतायत, त्यातला कोण मोकळा होणार हे त्या गड्याच्या आधी ह्याला कळायचं. मग मी छोटे पास बसवले. दोन पावलं मागे, लगेच फेक, पुढच्यानं धरायचा आणि पळायचं. गाव चवताळलं. व्हर्लिन न्हावी अर्धी दाढी करून थांबला, “कोच, पोरं चेंडू फेकतायत की जेवणाच्या टेबलावर मीठ पास करतायत? लांब फेका की.” चर्चमधले पाद्री माझा हात हातात घेऊन, “देव तुझं भलं करो, लायल... पण लांब फेक की.” सासूबाई ब्रिस्केटचं मांस वाढता वाढता थांबल्या, “जावईबापू, आमचे हे असते तर लांब फेकलं असतं.” अहो, ते विमा विकायचे!

दोन मॅच हरलो, दोन पाट्या. मुख्याध्यापक म्हणाले, “हॅचर, तिसरी हरलास तर पाटी खरी समज.” बायको सामान भरायला खोकी घेऊन आली. म्हटलं, ठेव परत.

तिसऱ्या मॅचला ऑरिन घाबरून विचारतो, “कोच, लोक ओरडतायत, फेकू का लांब?” मी म्हटलं, “घर माझं जाईल, तुझं नाही. छोटाच टाक.” टाकला. टाकतच राहिला. जिंकलो, मग सगळा सीझन जिंकत गेलो, आणि ज्या हातांनी पाट्या रोवल्या तेच हात पाय घेऊन दारात... पाय म्हणजे खायचा हो, अक्रोडासारख्या पीकनचा, गोड.

संपलं? छे. ऑरिन शाळा संपवून गेला. यंदा आलाय ब्रँट कीलिंग. दंड म्हणजे ओंडका, पण दहा पावलांवरचा गडी दिसत नाही, मैदानाच्या टोकाचा बरोबर दिसतो. मग काय करणार, लावलं लांब फेकायला. परवा हरलो. व्हर्लिननं वस्तरा थांबवला, “कोच, छोटे पास काय वाईट होते?”

पाटी आलीय परत. मी बदलणार नाही, पोरगा आहे तसाच खेळवणार. बायकोनं पाटीच्या पायथ्याशी झेंडू लावलेत. म्हणते, राहणारच आहे ती, तर बरी तरी दिसू दे.