टाकीवरची थाप

स्कूटर दुरुस्त होईपर्यंत मावशी गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. डोळे वर्तमानपत्रात होते खरे, पण कान शेजारच्या जुन्या ट्रककडे लागले होते. मिस्त्री ट्रकखालून बोलत होता, ड्रायव्हर उकिडवा बसून ऐकत होता.

“गाडी चढाला बंद पडते म्हणालात?”

“हो. मग बायको उतरून टाकीवर थाप मारते, की लगेच सुरू! तिच्या हाताला गुणच आहे, मिस्त्री.”

“कधीपासून चाललंय हे कौतुक?”

“वर्ष होत आलं.”

“अहो, टाकीतला इंधन ओढणारा पंप मरायला टेकलाय. थापेनं अडकलेली मोटर हलते, एवढंच. आजाऱ्याला चापट्या मारून कामाला जुंपताय!”

“पण आज मी मारली, तर उठलीच नाही. इथवर ओढून आणावी लागली.”

“वहिनी कुठायत?”

“घाटापलीकडे, दवाखान्यात. उद्या ऑपरेशन आहे तिचं. आणि नेमकी आजच...”

“नेमकी-बिमकी काही नाही. मी बाहेर येऊन चावी फिरवतो, तुम्ही टाकीला कान लावा. पंपाची गुणगुण येते?”

मावशींचं पान उलटायचं राहिलं.

“नाही. काहीच नाही.”

“मग? पंप गेला. त्यात वहिनींचा काय संबंध? गाडी ठेवा इथं, बस पकडा.”

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला.

“हां, बोल. गाडी? खोटं कशाला सांगू, नाही उठली. अगं, रडतेस काय वेडे! तुझ्या हाताचा गुण कुठं जातोय? पंप म्हातारा झालाय, मिस्त्रींनी दाखवलं मला. बसनं निघालोच. हो गं, तोच हात धरायला येतोय.”