डावरीचं झाड

नाव मागच्या वेळच्या कागदावर आहे तेच आहे, बदललेलं नाही. वय अठ्ठेचाळीस. धंदा गालिचे विणणे. शिक्षण दुसरी, सही येते. राहणार लोकरीच्या गोदामामागे, वरचा मजला. समक्ष हजर राहून सांगते की, मी चोर नाही हे सगळ्यात आधी लिहा. गालिच्यांच्या दुकानदाराने फोन केला आणि तुमच्या शिपायाने मला दंडाला धरून जीपमध्ये घातलं. माझी मुलगी हरवली तेव्हा हीच जीप पेट्रोल नाही म्हणून निघाली नव्हती.

मी आणि मुलगी एकाच मागावर बसायचो. झाडाचा गालिचा दोघींनी विणायचा असतो. बुंधा मधोमध. उजवीकडच्या फांद्या एकीच्या, डावीकडच्या दुसरीच्या. उजवी बाजू माझी. मुलगी डावखुरी, कारखान्यात सगळे तिला डावरी म्हणत. तिची गाठ उलटी बसते, त्यामुळे तिच्या बाजूची लोकर उलटी झोपते. फुलांच्या गालिच्यात तो दोष दिसतो, म्हणून मुकादम तिला बसू देत नसे. झाडात खपून जातं. अर्ध्या झाडावर ऊन, अर्ध्यावर सावली असं दिसतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. झाडाचं काम आलं की मुकादम ओरडायचा, "डावरे, तुझं झाड आलंय गं, ऊठ." आमच्या धंद्यात डावखुऱ्या पोरींचा हात लहानपणीच मारून उजवा करतात. मी मारलं नाही. म्हणून अशी गाठ दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही.

गेल्या वर्षी थंडीत, कात्रीला धार लावून आणते म्हणून ती दुपारी बाहेर पडली. आली नाही. भांडण झालं होतं का, असं तुम्ही तेव्हा फिरून फिरून विचारलंत. झालं नव्हतं. यंदा उन्हाळ्यात कालव्यात एक बाई सापडली. ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. माझ्या पतींनी अंगावरचा स्वेटर बघून हो म्हटलं. ते लोकर रंगवतात, रंगात चुकत नाहीत. पण स्वेटर कुणालाही देता येतो. मला कुणी विचारलं नाही. कागद बंद झाला.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी दुकानं बघत फिरते. सोमवारी काचेतून झाड दिसलं. आत जाऊन मी गालिचा उलटा केला. दुकानदार म्हणाला, "मावशी, घ्यायचाय का?" मी म्हटलं, "घ्यायचा असता तर सुलटा बघितला असता." तो म्हणाला, "हात लावू नका, महागाचा आहे." मी म्हटलं, "तो महाग का होतो ते मला शिकवू नकोस, बाबा."

मग सुलटा करून हात फिरवला. उजवीकडची लोकर हाताखाली झोपली. डावीकडची उभी राहिली. ती बाजू माझ्या मुलीची आहे. उजवीकडचा हात माझा नाही. तिथे मुळापाशी गाठी सैल आहेत, एक फांदी भलतीकडेच फुटली आहे. शेंड्यापर्यंत जाता जाता हात सुधारलाय. कुणी नवी बाई आहे, तिला शेजारी बसवून शिकवलंय. आमच्या मागावर डावरीच्या उजवीकडे माझ्याशिवाय कुणी बसलेलं नाही. म्हणजे हा गालिचा ती घरातून गेल्यानंतरचा आहे.

मी विचारलं, मागावरून कधी उतरला? कुठून आला? दुकानदार म्हणाला, "माल कुठून येतो ते आम्ही सांगत नसतो." मग मी गालिच्यावर बसले. बसायलाच असतो. एक गिऱ्हाईक बाई उभी होती. तिला तो माझ्या डोक्यावरून सांगत होता, "ताई, हे झाड घरात असलं की घर भरलेलं राहतं." ती म्हणाली, "हो, पण या बाई उठणारेत का?" मी म्हटलं, "तारीख सांगू दे, लगेच उठते." त्याने तारीख सांगितली नाही, फोन केला. मी काही फाडलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. दुकानदाराला मेल्या म्हटलं, ती शिवी नव्हे.

साहेब आता विचारतात की, गालिचा विणून झाला आणि नंतर मुलगी कालव्यात गेली, असंही असेल ना. तेवढं मला कळतं. म्हणूनच तारीख पाहिजे. उन्हाळ्याआधी उतरला असेल तर तसं सांगा. मी घरी जाऊन पतींना सांगेन, तुमचं बरोबर होतं. उन्हाळ्यानंतर उतरला असेल तर कालव्यातली बाई दुसऱ्या कुणाची तरी आहे, तिच्याही घरी कळवावं लागेल. मुलगी सापडली तरी मी तिला ओढून आणणार नाही. ज्या कुणाला शिकवतेय, तिला शिकवू दे.

माझे पती बाहेर बाकावर बसले आहेत. आत या म्हटलं तर आले नाहीत. त्यांना विचारू नका, त्यांनी एकदा सांगितलंय.

हे सगळं साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी "मयत मुलगी" असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. खोडल्यावर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते. गालिचा दुकानातल्या त्या गिऱ्हाईक बाईने घेतलाय. शनिवारी तिच्या घरी जाईल, वर सोफा येईल, मग दुकानदार म्हणेल कुठला गालिचा. तेव्हा त्याआधी त्याला इथे बोलवा आणि तारीख विचारा. शुक्रवारी संध्याकाळी मी येते. मला उत्तर पाहिजे, दोन्हीतलं कुठलंही चालेल.