रोह्याची रांग

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मूर्तिकार मंडळाचे आधारस्तंभ माननीय मोरूभाऊ; रोह्याहून मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, निवृत्त मुख्याध्यापिका चंद्रावतीबाई; आजचे सत्कारमूर्ती श्री. गोविंदराव आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या हौसावहिनी; पेण, जोहे, हमरापूर भागातून जमलेले कारखानदार आणि कारागीर बंधू-भगिनी; आणि मागच्या खुर्च्यांवर बसून चहा कधी येतो याकडे डोळे लावलेले माझे तरुण मित्र, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

‘गोविंदराव’ म्हणताना माझी जीभ अडखळली, हे चाणाक्ष मंडळींच्या लक्षात आलं असेल. एकतीस वर्षं ज्याला ‘गोविंदा’ म्हणून हाक मारली, त्याला शाल घालायच्या दिवशी एकदम राव कसं करायचं? माझ्या वडिलांच्या हयातीत, सहासष्ट साली, तो जोह्याहून एसटीने आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आला. माती मळायला म्हणून आला आणि चार वर्षांत आखणीला बसला. चंद्रावतीबाईंसाठी सांगतो, आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. आमच्या धंद्यात बाकी सगळं दहा जण करतात, पण डोळे काढणारा हात कारखान्यात एखादाच असतो. गिऱ्हाईक मुकुट बघत नाही, पितांबर बघत नाही. देव आपल्याकडे बघतो का, एवढंच बघतं.

मंडळाच्या चिटणीसांनी मला आज दोन कामं सांगितली आहेत. पहिलं, गोविंदाबद्दल चार शब्द बोलायचे. दुसरं, नव्या कारखानदारांना मार्गदर्शन करायचं. म्हणाले, “जनूशेठ, तुम्ही वर्षभर कारखाना बंद ठेवून पुन्हा उभे राहिलात. धंद्यात माणूस पिचून जाऊ नये, आणि गेलाच तर कसं सावरावं, ते पोरांना सांगा.” मी हो म्हटलं. ही दोन कामं वेगळी नाहीत हे चिटणीसांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, म्हणून गेले आठ दिवस मला नीट जेवण गेलेलं नाही.

तर आधी मार्गदर्शन. वडिलांच्या वेळी आमच्याकडे तीनशे मूर्ती व्हायच्या. मी कारभार हाती घेतला आणि ब्याण्णव सालापर्यंत आकडा दोन हजारांवर नेला. दादर, ठाणे, पनवेल, जो मागेल त्याला हो. माल मी आणायचा, रंग मी मिसळायचा, टेम्पोत मूर्ती मी चढवायच्या आणि गोविंदाच्या जोडीला आखणीलाही मीच बसायचं. मला वाटायचं, मी हात काढून घेतला तर सगळं बसेल. ज्यांना आज असं वाटतंय त्यांनी हात वर करू नका, तुमच्या बायका मागेच बसल्या आहेत.

गोविंदाची एक रीत होती. पंचवीस मूर्तींची एक रांग झाली की ब्रश धुवायचा, कारखान्याच्या मागच्या बांधावर जायचा आणि भाताच्या शेताकडे बघत बसायचा. एक विडी संपेस्तोवर. मग परत यायचा. मला ते बघवत नसे. गणपती पंधरा दिवसांवर आणि हा भात बघतोय! एकदा मी बोललो, तर म्हणाला, “शेठ, डोल्यांना हिरवं दाखवलं की हात आपसूक सरळ चालतो. तुमी पण चला. तुमचा हात हलाया लागलाय.” मी म्हटलं, तुझ्यासारखा रिकामा नाही मी.

आता ज्या गोष्टीसाठी उभा आहे ती. तुम्हाला माहीतच आहे, घरगुती गिऱ्हाईक आपला पाट आधी आणून देतं, मूर्ती त्याच पाटावर बसते. आमच्याकडे नियम होता. डोळे काढून झाले की आखणीवाल्याने पाटाच्या मागे लाल रंगाचा ठिपका द्यायचा. रांगेच्या मागून ठिपका बघायचा आणि तिथूनच हात पुढे टाकून मूर्तीच्या तोंडावर रुमाल बांधायचा, हे काम माझी बायको शांती करायची. एकदा रुमाल बांधला की तो घरी स्थापनेच्या वेळीच सुटणार. ब्याण्णव साली चतुर्थीच्या आदल्या दिवशी दोन रांगा उरल्या होत्या. पेणची रांग गोविंदाकडे होती, रोह्याची माझ्याकडे. चार दिवसांत मी सलग दोन तास झोपलो नव्हतो. वेळ वाचावा म्हणून मी एक हुशारी केली. पंचवीसच्या पंचवीस पाटांवर ठिपके आधीच देऊन टाकले. मग डोळे काढत सुटलो. मध्ये कधीतरी मान खाली गेली असेल, कोणी हाक मारली असेल, मला आजही आठवत नाही. दुपारी आमचा टेम्पोवाला केरू टेम्पो भरून रोह्याला गेला.

रोह्याच्या पुढे कुंडलिकेच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या बायजाबाईंचा गणपती आमच्याच कारखान्यातला, त्यांच्या सासऱ्याच्या वेळेपासून. त्यांचे यजमान सखारामभाऊ दरवर्षी स्वतः पेणला येऊन मूर्ती डोक्यावर नेणारे. त्या वर्षी ते अंथरुणाला खिळलेले होते. देव समोर दिसावा म्हणून त्यांची खाट ओटीवर मखराच्या समोर आणून ठेवली होती. भटजी आले, नातेवाईक जमले, आणि बायजाबाईंनी रुमाल सोडला. मूर्तीला डोळे नव्हते. भुवया होत्या, गंध होतं, आणि मधे नुसता कोरा रंग.

सखारामभाऊ म्हणाले, “बाये, देव माज्याकडं बघंना गो.”

कोणी म्हणालं काजळाने काढा. बायजाबाईंनी ऐकलं नाही. ज्याचं काम त्याने करावं, म्हणाल्या. पण त्या दोन दिवसांत अंबा नदीला पूर आला होता, नागोठण्याला रस्त्यावर पाणी होतं, निरोप पोचेना की माणूस पोचेना. देव तसाच बसला, तशीच आरती झाली. गौरीच्या जेवणाच्या दिवशी सखारामभाऊ गेले. त्यांचं दुखणं जुनं होतं. डॉक्टरांनी श्रावणातच आशा सोडायला सांगितलं होतं. हे मी स्वतःला पाच वर्षं सांगतो आहे.

पाणी ओसरल्यावर केरू परत आला तेव्हा आम्ही सात-आठ कारखानदार माझ्याकडे चहा पीत बसलो होतो. तुमच्यातले तिघे आज इथे आहेत. केरू दारातूनच ओरडला, “शेठ, रोह्याच्या एका गणपतीला डोलेच नाय!” सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडातून निघालं, “ती रांग गोविंदाची होती.”

विचार करून बोललो असतो तर एक वेळ समजलं असतं. मी विचारसुद्धा केला नाही. गोविंदा मोरीपाशी ब्रश धूत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ब्रश धुवायला लागला.  माझं बोलणं त्याने तिथेच खोडून का काढलं नाही, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. विचारायलाही तोंड लागतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पुढचं तुम्हीच केलंत. “गोविंदा भात बघत बसला आणि गणपती आंधळा राहिला.” पेणच्या स्टँडपासून जोह्याच्या नाक्यापर्यंत प्रत्येक टपरीवर हा विनोद झाला. हौसावहिनींना विहिरीवर बायका विचारायच्या, काय गो, तुझ्या घोवाला दिसतंय ना नीट? त्या हळदीकुंकवाला जायच्या बंद झाल्या. आणि मी काय केलं? गोविंदाच्या हातात पुन्हा डोळ्याचा ब्रश दिला असता तर लोक म्हणाले असते, मग चूक याची नव्हती की काय? म्हणून मी दिला नाही. जिल्ह्यात ज्याच्या तोडीची आखणी नव्हती, त्या माणसाला मी तेव्हापासून आजवर पॉलिशपेपर घेऊन मूर्ती घासायला बसवलं. मगाशी निवेदकांनी ‘शेवटची काही वर्षे त्यांनी घासकाम विभागाची धुरा सांभाळली’ असं वाचलं, ते वाक्य मीच लिहून दिलं होतं. मला त्याची लाज वाटते.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला आणि मी आखणीला बसलो. ब्रश उचलला, मूर्तीकडे बघितलं, आणि हात उतरेना. घरी आलो. शांती ताट वाढत होती. मी वर बघितलं तर तिचं तोंड कोरं. नाक होतं, कुंकू होतं, डोळे नव्हते. मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी एसटीत कंडक्टरने तिकीट दिलं, त्याचंही तसंच. आरशासमोर दाढी करायचं मी सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले, नजर ठणठणीत आहे, अतिश्रम झालेत, विश्रांती घ्या. मुंबईच्या डॉक्टरांनी तेच जास्त पैसे घेऊन सांगितलं. शेवटी कारखान्याला कुलूप लावलं आणि ऑर्डरी इतरांकडे वळवल्या. दिवसभर खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचो. भिंतीला डोळे नसले तरी चालतात.

माघात एका सकाळी दारात बायजाबाई उभ्या. काखेत पाट. पुढच्या वर्षीच्या गणपतीसाठी पाट घेऊन आल्या होत्या! मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, मावशी, कारखाना बंद आहे. त्या म्हणाल्या, “बंद तर बंद. पाट ठेव. आनि तू मोकलाच हायस तर वाल उपटाया चल. मानूस मिलत नाय.” शांतीला म्हणाल्या, “धाड गो त्याला. हितं पडून कुजंल.”

मी गेलो. दीड महिना राहिलो. वाल पहाटे दवात उपटतात. ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणा मातीत सांडतो. पहिल्याच दिवशी मी आपली सवय दाखवली, अजून चार ओळी करतो म्हटलं. बायजाबाईंनी माझ्या हातातला जुडगा काढून घेतला. “दव गेलं. आता उपटशील ते सांडशील. घरला चल, भाकर खा, झोप.” नवीन कारखानदारांना माझं मार्गदर्शन एवढंच आहे, आणि तेही माझं नाही. आज आमच्याकडे पुन्हा तीनशेच मूर्ती होतात. आखणीला चार जण आहेत, त्यात दोन बायका. ऊन उतरलं की ब्रश धुतले जातात. आधी ठिपका कोणी देत नाही.

तिथे मला झोप लागली, भूक लागली. हळूहळू माणसांचे डोळे परत आले. आधी बायजाबाईंचे, मग घरी आल्यावर शांतीचे, मुलांचे, रस्त्यावरच्या लोकांचे. निघायच्या आधी मी बायजाबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या सुपात वाल पाखडत होत्या. पाखडता पाखडता म्हणाल्या, “माजा मानूस जायचाच व्हता. मला कशाला सांगतोस? ज्याचं नाव घेतलंस त्याला सांग.” मी म्हटलं, सांगतो, पेणला उतरलो की पहिलं तेच करतो.

त्याला साडेचार वर्षं झाली. थकवा विश्रांतीने गेला, मंडळी. थकव्यानं मूर्ती कोरी राहिली, हे खरं आहे. पण ते वाक्य मी थकव्यानं बोललो नव्हतो, भीतीनं बोललो होतो, आणि त्यावर वालाच्या शेतात औषध नाही. सगळ्यांचे डोळे परत आले, एका माणसाचे आले नाहीत. रोज सकाळी गोविंदा येतो, कोपऱ्यात बसतो, मूर्ती घासतो, आणि मी त्याच्याकडे बघितलं की तिथे कोरं तोंड असतं. पाच वर्षं मी त्याच्या हातांकडे बघून त्याच्याशी बोलतो आहे. आता हे भाषण करतानाही तो माझ्या उजवीकडे बसला आहे आणि मी तुमच्याकडे बघतो आहे.

म्हणून अध्यक्षमहाराज, तुमच्या साक्षीने सांगतो. रोह्याची रांग माझी होती. ठिपके माझे होते. गोविंदाच्या पेणच्या रांगेत त्या दिवशी पंचवीस मूर्ती होत्या आणि पंचवीस जणांकडे देव नीट बघत होता.

बोलण्याच्या ओघात वेळेचं भान राहिलं नाही, कुणाचा मान द्यायचा राहिला असेल, काही वेडंवाकडं बोललं गेलं असेल, तर तेवढं मोठ्या मनाने पोटात घाला. मंडळाने ही संधी दिली, पाहुण्या रोह्याहून आल्या, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल आभार मानतो. पण जे मी ब्याण्णव साली बोललो त्याची माफी तुमच्याकडे मागत नाही, ती तुमची द्यायची नाही. गोविंदाकडेही या व्यासपीठावर मागणार नाही. गळ्यात हार असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. ती मागायला मी उद्या सकाळी जोह्याला त्याच्या घरी जाणार आहे, आणि त्याने मला दारातून परत पाठवलं तर तेही बरोबरच आहे.

तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. इथून उठलात की ज्या ज्या टपरीवर तुम्ही तो विनोद केलात, त्या त्या टपरीवर एकदा जा. चहा सांगा. आणि मोठ्याने, चार लोकांना ऐकू जाईल असं सांगा, की तो गोविंदा नव्हता, जनू होता.